जिवंत राजनचा कडू घास

सोडाला, जयपूर
१४ ऑगस्ट १९८६

तीर्थस्वरूप आप्पादादा यांच्या चरणी धाकट्या हणमंताचा नमस्कार. वहिनींच्या गुडघ्याला आता उतार असेल. इकडे प्रकृती सर्वांच्या बऱ्या आहेत. फक्त मालन माझ्याशी बोलत नाही. ती कुकरशी बोलते आणि मी ऐकतो.

हे पत्र पोचेल तेव्हा आमचा राजन तुमच्या पार्ल्याच्या घरी उतरलेला असेल, आणि विमानाची वाट बघता बघता त्याने आपल्या परीने हकीकत सांगितलीही असेल. त्याचं मराठी (म्हणजे निम्मं हिंदी) तपशिलाला सैल आहे, म्हणून मूळ प्रकार मीच लिहितो.

त्याची बोस्टनची शिष्यवृत्ती नक्की झाली तेव्हापासून मी आयरिश लोकांचा अभ्यास हाती घेतला. माझं शिक्षण मॅट्रिकला थांबलं हे तुम्ही जाणताच, पण वाचनालयातले ज्ञानकोशाचे खंड मी ओळीने वाचलेले आहेत, आणि बोस्टन म्हटलं की आयरिश आलेच. (बटाट्याच्या दुष्काळामुळे ते देश सोडून गेले असं लोक म्हणतात. अर्धवट आहे. आधीपासून जात होते. दुष्काळाने लोंढा झाला.) तिकडे त्यांनी कालवे खणले, रूळ टाकले, आगीच्या बंबावर चढले, पोलिसांत शिरले, आणि ज्या शहरात त्यांना कुणी धड खोली देत नव्हतं तिथे पुढे महापौर झाले. माणूस परक्या देशात नुसता राहत नाही, तिथलं काहीतरी उभं करतो, हे मी राजनला रोज जेवताना सांगत असे. तो म्हणायचा, "बाबा, मतलब, मी रूळ टाकायला नाही चाललोय."

त्याच खंडात त्यांची एक चाल वाचली. मूल अमेरिकेला निघालं की आदल्या दिवशी शेजारपाजार जमवून त्याचा शोक करायचा, मेलेल्याचा करतात तसाच, कारण पुन्हा दिसायची खात्री नाही. रडणं, फिडल, पिणं, नाच. आणि त्यात बापही मुलाबरोबर नाचायचा. मला ही चाल फार प्रामाणिक वाटली. आपल्याकडे हार, पेढे, फोटो, आणि पोटातलं पोटातच. मी ठरवलं, करायचं तर यथासांग.

चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, सारंगीवाले उस्तादजी आणले (फिडलला जवळचं वाद्य तेच; हार्मोनियम सुचवणाऱ्याला मी गप्प केलं). व्हिस्कीच्या जागी कोकम सरबत. मालनला फक्त निरोपाचा कार्यक्रम एवढंच सांगितलं. इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या घरांना बोलावण्याचं काम शेजारच्या गुलाबरावांकडे दिलं. शोकाला जातात तसं यायचं, पांढरं घालून, हे आयर्लंडच्या इतिहासासकट त्यांना समजावलं. त्यांनी पुढे सांगताना इतिहास तेवढा गाळला.

संध्याकाळी माणसं आली ती खाली मान घालून. रत्नमालाबाईंनी पिठलं आणलं, कुणी भात आणला. शोकाच्या घरात चूल पेटत नाही, कडू घास शेजाऱ्यांनी द्यायचा असतो, त्याप्रमाणे. उस्तादजींनी सारंगी लावलेलीच होती, तेव्हा बायकांना हुंदके आवरेनात. झोटवाड्याहून बस बदलून आलेल्या द्वारकाबाईंनी मालनला मिठी मारली. "किती गुणी पोर होतं गं." मालनला वाटलं, परदेशी चाललंय म्हणून म्हणतात, तीही रडली. एवढ्यात राजन डोकं पुसत न्हाणीघरातून बाहेर आला आणि त्याने विचारलं, "कोण गेलं?" द्वारकाबाई होत्या तिथेच खाली बसल्या.

मी उभं राहून सगळा उलगडा केला, सनावळीसकट. कुणी ऐकलं नाही. गुलाबराव म्हणाले, "अहो हणमंतराव, हे आधी सांगायचं." उस्तादजींनी हळूच विचारलं, "साहब, अब ख़ुशी का बजाऊँ?" मग सगळ्यांचे चेहरे बघून त्यांनी सारंगीला गवसणी घातली. मंडळींनी पिठलं-भात वाया जाऊ दिला नाही (उत्तम झालं होतं म्हणे). राजन जेवला नाही. मालन एवढंच म्हणाली, "जिवंत पोराचा कडू घास घातलात. आता तेराव्याचं गोड करायला घेऊ?" त्यानंतर ती बोललेली नाही.

नाच राहूनच गेला. मला नाचता येत नाही, पण खोलीचं दार लावून पावलं बसवली होती.

सकाळी स्टेशनावर काही बोलावं असं होतं. पण सवाई माधोपूरला गाडी का बदलावी लागते, छोटा रूळ आणि मोठा रूळ यात फरक काय, हे सांगण्यात मी गुंतलो आणि गाडी हलली. त्याने खिडकीतून हात केला. मालनच्या मते तिला (कुकरला सांगत होती). मी तिच्या डावीकडे उभा होतो; नक्की सांगता येणार नाही.

दादा, मला खंत आहे ती अंमलबजावणीची. चाल चांगलीच होती. मुलाने जाऊन तिकडे नाव काढावं, माझी काही तक्रार नाही.

आपला,
हणमंत

ता. क. लोणच्याची बरणी पिशवीत उभीच ठेवा. झाकण मी मेणाने बंद केलं आहे.

ता. क. २. तो रागावला आहे का हे विचारू नका. नुसतं बघा आणि कळवा.

ता. क. ३. ज्ञानकोशात ते पान उलटलं की लिहिलंय, काही जण परतलेही. थोडेच, पण परतले आणि आपापल्या गावात घरं बांधून राहिले. रोज जेवताना मी त्याला सगळं सांगितलं, तो परिच्छेद सांगितला नाही. मागितल्यासारखं दिसलं असतं. विमानतळावर सोडायला जाल तेव्हा रिक्षात सहज सांगा. माझं नाव नको. तुम्हीच कुठेतरी वाचलंत म्हणा.