युनिव्हर्सालिस, म्हणजे सगळ्यांना लागू

३ जुलै
मुखरूभाऊंच्या दुकानात केस कापायला बसलो होतो. कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्याचे केस कसे असावेत, याचा पोंभुर्ण्यात मी नमुना आहे. पोरं मला पाठीमागून ओळखतात. भाऊंनी मध्येच कात्री थांबवली, मागे आरसा धरला आणि म्हणाले, "मास्तर, इथी चांद निघून राह्यला." कानामागे चकचकीत गोल. "चाई आहे," म्हणाले.
चाई! शाळकरी पोरांना होते ती.
संकल्प : टेन्शन घ्यायचं नाही. रोजनिशी रोज लिहायची.

११ जुलै
रोजनिशी राहिली. कामं होती.
चांदाला भाऊबंद झाले. माझी बायको सरिता रोज उशीवरचे केस गोळा करून टाकते. दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून तपासून तिला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं आहे.

१९ जुलै
सरिताला घेऊन चंद्रपूरला त्वचेच्या डॉक्टरकडे. त्यांनी कागदावर लिहिलं : अलोपेशिया युनिव्हर्सालिस. पुढे छोटं प्रश्नचिन्ह. (डॉक्टर लोक भित्रे असतात.) म्हणाले, केस सगळीकडचे जाऊ शकतात, परत येऊही शकतात, जिवाला धोका नाही.
परतीच्या बसमध्ये सरिता म्हणाली, "म्हंजे चाईच ना?" मी समजावलं, की चाई ती चाई आणि हे लॅटिन. युनिव्हर्सालिस म्हणजे सार्वत्रिक, विश्वाला व्यापणारं. ती म्हणाली, "लोकायले सांगून टाका सरळ. दोन दिवस पाहतीन, मंग इसरून जातीन."
कोणालाही सांगायचं नाही. उद्यापासून टोपी. कॉलेजात विचारलं तर उन्हाची ॲलर्जी.

२० जुलै
दिवसभर पाऊस. टोपीबद्दल कुणी विचारलं नाही. म्हणजे कुणाच्या लक्षात आलं नाही.

२८ जुलै
एक मोठी गोष्ट सापडली आहे.
वारलूच्या गॅरेजमध्ये ट्रॅक्टर उघडून ठेवला होता. मी पंक्चरसाठी थांबलो होतो. तो पोराला ओरडला, "युनिव्हर्सल गेला रे याचा!" मी दचकलोच, वाटलं माझ्याबद्दल बोलतो आहे. नंतर कळलं, दांड्याच्या मधला सांधा. दांडा वाकडा झाला तरी चाक फिरतं राहतं, ते या युनिव्हर्सलमुळे. माझ्या आजारात जो शब्द, तोच ट्रॅक्टरच्या पोटात!
घरी येऊन शोधत बसलो. तत्त्वज्ञानात आहे : एका जर्मन पंडिताला अशी सार्वत्रिक भाषा बनवायची होती, की दोघांचं भांडण झालं तर बसून गणित मांडायचं आणि खरं कोण ते काढायचं. (सरिताला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.) चर्चमध्ये आहे. कायद्यात आहे. मतदानात तर आहेच. आपल्या आजोबांना सावकाराच्या बरोबरीचं एक मत मिळालं, ते याच शब्दाच्या पोटी.
यावर व्याख्यान होऊ शकतं. व्याख्यान काय, पुस्तक.

२९ जुलै
युनिव्हर्सल रिमोट आणला. आमच्या टीव्हीला चालत नाही. व्याख्यानात हे वगळावं.

८ ऑगस्ट
प्राचार्य मॅडमनी संविधान दिनाला व्याख्यान ठेवायचं कबूल केलं. म्हणाल्या, वीस मिनिटं. मी मनात तीन तास धरले आहेत. तोवर केस येतील. सरिता रात्री जेवण झाल्यावर डोक्याला कांद्याचा रस चोळून देते. वास राहतो, पण विज्ञानाला वास असतोच.

१७ ऑगस्ट
डावी भुवई गेली. सरिताच्या पेन्सिलीने काढली. अकरावीच्या वर्गात फार उकडत होतं. तास संपल्यावर दिनेशने मला प्रयोगशाळेत ओढलं आणि ओल्या कापसाने माझा गाल पुसला. दिनेश मडावी जीवशास्त्र शिकवतो. लहानपणी आम्ही एका सायकलवर शाळेत जायचो. त्याला सगळं सांगितलं. शपथ घातली, जीव गेला तरी कुणाजवळ बोलायचं नाही.
"नाई बोलत ना बापा," तो म्हणाला. "पण तू बी पेन्सिल नको लावू."
एकमेव खरा मित्र.

३० ऑगस्ट
आज जे झालं ते माझ्या हातून झालं नाही, तोंडातून झालं.
स्टाफरूममध्ये पंख्याच्या वाऱ्याने टोपी उडाली. सगळ्यांसमोर डोकं पूर्ण गुळगुळीत. मॅडम म्हणाल्या, "अरे, सर, हे काय?" मी म्हणालो, "मुद्दाम काढले." का? सगळे बघत होते. मी म्हणालो, "सरितासाठी." आणि मग म्हणालो, "तिची ट्रीटमेंट सुरू होणार आहे. तिचे जातील. तिला एकटं वाटू नये."
मॅडमनी चष्मा काढून डोळे टिपले. गणिताच्या सरांनी येऊन माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की सहानुभूती हीच खरी युनिव्हर्सल गोष्ट आहे. (व्याख्यानात घ्यावं.)
दिनेश खिडकीबाहेर बघत होता. नंतर म्हणाला, "हे काऊन केलं बे तू?" मी म्हणालो, तात्पुरतं आहे. खोटं कुणाचंच नुकसान करत नसेल तर ते खोटं नसतं, ती सोय असते. सरिता तशीही ठणठणीत आहे.

९ सप्टेंबर
लोक फार चांगले आहेत. शेजारच्या गिरजाबाई सीताफळं घेऊन आल्या. सरिता ड्यूटीवर होती. मी हळूच सांगितलं, झोपली आहे. गिरजाबाई म्हणाल्या, "पण सकाळी तं माह्यं रक्त तिनंच काढलं दवाखान्यात!" मी म्हणालो, "हिंमत आहे तिची." बाई दारातच रडायला लागल्या.
संध्याकाळी सरिता म्हणते, "गिरजाबाईनं आज रस्त्यात माहे हात धरले अन् रडल्या. काऊन बरं?" मी म्हणालो, तुझा स्वभावच तसा आहे.
सीताफळं गोड निघाली.

२१ सप्टेंबर
सरिता म्हणाली, दवाखान्यात कुणी तिला वजन उचलू देत नाही. इनचार्जबाई म्हणाल्या, हळू चल. "मी काय म्हातारी दिसून राह्यली का?" तिने आरशात पाहिलं. वेणी सोडून परत घातली. तिची वेणी अजून कंबरेपर्यंत आहे. ही एक अडचण आहे. गणिताचे सर परवा विचारत होते, ट्रीटमेंट सुरू झाली का. मी म्हणालो, नवीन औषध आहे, त्यात केस जात नाहीत. "मंग तुमी काऊन काढले?" म्हणाले. गणितवाल्यांना भावना नसतात.
संकल्प : दिवाळीपर्यंत सरिता बरी झाली असं जाहीर करायचं. फटाके लावायचे.

२ ऑक्टोबर
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
समाजमंदिरात रक्तदान शिबिर होतं. सरिता दरवर्षी देते. तिचं ओ निगेटिव्ह, ज्याला युनिव्हर्सल डोनर म्हणतात, कुणालाही चालणारं. एटापल्लीकडच्या बाळंतिणीसाठीसुद्धा ती एकदा ड्यूटी सोडून धावली होती. मी व्याख्यानासाठी फोटो काढायला सोबत गेलो.
तिने बाही वर केली. शिबिर भरवणाऱ्या मंडळाचा पियुष तिच्याजवळ वाकून म्हणाला, "ताई, तुमी नका देऊ." ती म्हणाली, "काऊन?" तो माझ्याकडे बघायला लागला. ती परत म्हणाली, "काऊन रे?" तेव्हा तो म्हणाला, "कॅन्सरवाल्यायचं रक्त नाई घेत ना ताई."
मी डोळ्यांनी खूण केली. घरी चल, सांगतो. कुठलीही समजूतदार बायको मुकाट्याने उठली असती. ही तशीच खाटेवर बसून राहिली, बाही वर केलेली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मले काई नाई झालं. केस ह्यायचे गेले. चाई झाली ह्यायले."
चाई म्हणाली. लॅटिन शब्द माहीत असून.
पियुष म्हणाला, तरी पण ताई, एकदा डॉक्टरला विचारून घेऊ. डॉक्टर जेवायला गेले होते. ती थांबली नाही. तिचं रक्त कुणी घेतलं नाही, याचं खापर आता माझ्या डोक्यावर.

३ ऑक्टोबर
तिने स्वयंपाक केला, वाढला, स्वतः परसात जाऊन जेवली. मी सगळी बाजू नीट मांडली. शेवटी विचारलं, तुला राग कशाचा आहे ते तरी सांग. ती म्हणाली, "मी मेली असती तं लोकायले कसं वाटलं असतं, हे मले पाहाले भेटलं. तुमच्यामुळं."
मला यात राग समजला नाही.

५ ऑक्टोबर
सरिता चिमूरला गेली, भावाकडे. चार दिवसांसाठी असेल. तिला स्टँडवर कुणी सोडलं? दिनेशने. माझ्या दारावरून, त्याच्या मोटारसायकलवर, तिची बॅग पुढे घेऊन.

६ ऑक्टोबर
दिनेशला प्रयोगशाळेत गाठलं. म्हणालो, शपथ मोडलीस, तिला तूच भडकवलंस. त्याने हातातलं बेडकाचं चित्र खाली ठेवलं.
"मी कोणाले काई नाई सांगतलं," म्हणाला. "सांगाले होतंच काय? मुखरूभाऊनं जुलैतच सांगतलं होतं साऱ्या गावाले. तुही पेन्सिल गालावर आली तवा अकरावीची पोरं दुसऱ्याच्या तासाले हासत होती, तुह्या तासाले नाई. तुले वाईट वाटू नये म्हून."
म्हणजे सगळ्यांना माहीत होतं?
"साऱ्यायले. चाईचं माहीत होतं. पण तू बायकोचं नाव घेतलं तवा लोकायले वाटलं, चाई झालीच होती, अन् वरून हे बी. कोणी बायकोच्या कॅन्सरचं खोटं बोलन का?"
मी विचारलं, मग तू तेव्हाच का नाही बोललास? तो म्हणाला, "तू शपथ घातली होती."
सगळं गाव तीन महिने मला फसवत होतं. तोंडावर एक, मनात एक. अशा लोकांसमोर व्याख्यान द्यायचं!
तरी देणार.

१८ ऑक्टोबर
चार दिवस लांबले आहेत. भाताला पाणी जास्त झालं. गिरजाबाईंनी सीताफळांची टोपली परत मागितली. नुसती टोपली.

४ नोव्हेंबर
नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे. तरुण पोरगी आहे, अनुभव कमी. तिने बाह्या वर करायला लावल्या, पँट गुडघ्यापर्यंत. म्हणाली, हातापायांवर चांगले दाट केस आहेत, एक भुवई शाबूत आहे, हे युनिव्हर्सालिस नाहीच. मी पहिल्या डॉक्टरांचा कागद दाखवला. तिने प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं. "साधी चाई आहे, काका. फक्त जरा जास्त."
काका!
मग तिने विचारलं, सोबत कोण आहे? इंजेक्शनं डोक्यात द्यायची, चक्कर येते, सोबत माणूस लागतो. मी म्हणालो, मिसेस बाहेर बसल्या आहेत. ती बोलवायला उठली. मी म्हणालो, पुढच्या वेळी घेऊ.
व्याख्यानाच्या विषयात बदल नाही. शब्दाचा अभ्यास करायला आजार लागलाच पाहिजे असं नाही.

२६ नोव्हेंबर
व्याख्यान झालं.
उद्देशिकेचं वाचन लांबलं, दहा मिनिटं उरली. मॅडमनी ओळख करून दिली, "आपले खोब्रागडे सर," एवढीच. दिनेश मागे दाराशी उभा होता. टोपी काढूनच बोललो. कुणी हसलं नाही, कुणी बघितलंही नाही विशेष. ट्रॅक्टरचा सांधा सांगितला. जर्मन पंडित गाळला. मतदान सांगितलं, तेव्हा टाळ्या आल्या. मग युनिव्हर्सल डोनर. ज्याचं रक्त गोंडाला चालतं, बौद्धाला चालतं, तेल्याला, कुणब्याला, सगळ्यांना चालतं. हा भाग मी उत्तम लिहिला होता.
प्रश्न विचारा म्हणालो. होस्टेलची मंगली उठली. एटापल्लीची आहे, कधी बोलत नाही. "सर, त्याचं साऱ्यायले चालते. मंग त्याले कोणाचं चालते?"
मी म्हणालो, फक्त त्याच्याच गटाचं. दुसऱ्या कुणाचंच नाही.
"म्हंजे त्याले गरज पडली तं?"
मी म्हणालो, तर शोधावं लागतं.
ती बसली. मी पुढचं पान उलटलं, त्यावर काय लिहिलं होतं ते वाचता आलं नाही. अक्षर माझंच. मॅडमनी आभार मानून टाकले.

३० नोव्हेंबर
सरिता आली होती. भाऊ बाहेर गाडीत. चिमूरच्या दवाखान्यात तिची प्रतिनियुक्ती झाली आहे. म्हणजे तात्पुरती. कपडे भरले, स्वेटर घेतला. मी दारात उभा राहून बोलत होतो. व्याख्यान किती छान झालं, लोक कसे दुटप्पी, दिनेश कसा निघाला. म्हणालो, आणि तूसुद्धा. एवढी वर्षं संसार केला आणि एका दुपारी तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस.
तिने बॅगेची चेन लावली.
"मले आधी सांगतलं असतं," म्हणाली, "तं मी बी खोटं बोलली असती. डोक्शाले फडकं बांधून हिंडली असती गावभर. तुमी इचारलंच नाई मले."
मी म्हणालो, मग आता विचारतो.
"आता मी बरी आहो," ती म्हणाली आणि गेली.
एवढी गोष्ट तिच्या मनात होती तर तिने ऑगस्टमध्येच सांगायला हवी होती. हे तिला फोन करून सांगितलं पाहिजे. केला. भावाने उचलला. म्हणाला, भाऊजी, ताईने सांगायला सांगितलं आहे, की ती झोपली आहे.
दुपारचे चार वाजले होते. मागे गाडीचा हॉर्न ऐकू येत होता, आणि ती भावाला सावकाश चालव म्हणत होती.