‘लंगडी घोडी’चा उंबरठा

आधी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू लिहितो. बाकीचं सगळं मला मिळालं किंवा मी विकत घेतलं; केलेलं एवढंच.

ॲशबॅच गावातल्या ‘लंगडी घोडी’ या पबचं काउंटर. चर्चमागचं एल्मचं झाड वादळात पडलं, त्याची एक सलग फळी; सांधा कुठेही नाही, शोधून पाहावा. शेकोटीजवळचा उंच पाठीचा बाक. त्याच्या पाठीचा उतार मी स्वतःच्या मानेवर बेतला आहे. तळघरात पिंपांखालच्या बैठका, ज्यांवर पिंप निवांत पडून राहतं आणि गाळ तळाशी बसतो. बिअर ओढायच्या पंपांच्या चेरीच्या लाकडाच्या मुठी. रस्त्यावरची पाटी: तिच्यावरची घोडी उजवा पाय उचलून उभी आहे. आधीच्या रंगाऱ्याने डावा काढला होता, तो चुकीचा होता. काउंटरवरच्या तुळईला ठोकलेले लोखंडी आकडे, प्रत्येकाला डावीकडे एक पीळ. एक सोडून सगळे जागेवर आहेत. आणि कथलाचा एक मग, पत्रा ठोकून केलेला, ज्याचा कान सतरा वर्षांच्या मुलाच्या चार बोटांच्या मापाचा आहे.

यातलं काहीही मला कोणी शिकवलं नाही. वाचनालयातली पुस्तकं आणि वाया गेलेलं लाकूड, एवढेच माझे गुरू.

मी, क्लाइव्ह आर्थर गॉफ, वय अठ्ठावन्न, धंदा पबचा मालक, राहणार ॲशबॅच, परगणा श्रॉप्शर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी फुफ्फुसं कामातून गेली आहेत, डोकं गेलेलं नाही. डॉक्टरांनी दोन्हींबद्दल लेखी दिलं आहे. यापूर्वी मी केलेली सगळी मृत्युपत्रं याने रद्द होतात. त्यातल्या एकात मी घर गावाला देऊन टाकलं होतं. तेव्हा मी रागात होतो.

कलम एक. या पत्राची व्यवस्था पाहण्यासाठी मी माझी पूर्वीची पत्नी नेरिस हिला नेमतो. ती हल्ली टाउइनला समुद्राकाठी बहिणीजवळ राहते. मला नाही म्हणायची सवय जिला आहे अशी ती एकटीच. मी गेल्यावरही ती सवय सुटणार नाही. जाताना ती म्हणाली होती, “क्लाइव्ह, तू घराला कडी लावतोस ती आतून, आणि मग बाहेर कोणी उभं नाही म्हणून रडतोस.” मी रडलो नव्हतो, हे इथे नोंदवतो. तिला पियानो द्यावा. त्याचे खालचे दोन सूर लागत नाहीत, हे तिला माहीत आहे.

कलम दोन. आयव्हर टज, कुंपणं विणणारा, शेकोटीच्या डाव्या बाजूचा माणूस, याला माझा हाडाचा डोमिनोचा संच. त्यात दुहेरी पाचाची सोंगटी नाही. ती बऱ्याच वर्षांपासून आयव्हरच्याच कोटात आहे, तेव्हा आता संच पुरा होईल. हे कलम त्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, “मालक, मेल्यावर तरी गप्प बसशील असं वाटलं होतं.” मी त्याला सांगितलं की ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही. “मग नको तुझे डोमिनो,” तो म्हणाला, “मला सही करू दे.” मी नाही म्हटलं. तो शेकोटीकडे तोंड करून बसला आणि त्याने बराच वेळ पेल्याला हात लावला नाही. आयव्हरसाठी ही मोठी गोष्ट आहे.

कलम तीन. ज्या कंपनीने या घराची सहा बिऱ्हाडं करायची म्हणून नकाशे आणले, तिला काहीही नाही. तिच्या माणसाने माझ्या बाकावर बसून विचारलं, इथे भिंत पाडली तर उजेड किती येईल. या खोलीत उजेड कमीच हवा. भर दुपारी शेतातून आलेल्या माणसाचे डोळे निवले पाहिजेत. पंपाचा पहिला दम ऐकू आला पाहिजे. ओल्या कुत्र्याचा, लाकडाच्या धुराचा आणि व्हिनेगरमधल्या कांद्याचा वास एकत्र आला पाहिजे. आणि कोणी बोललं नाही तरी कोणाला अवघडल्यासारखं होता कामा नये. एवढ्यासाठी माणूस घरून उठून इथे येतो. बिअर सगळीकडे मिळते.

कलम चार. घर, तळघर, मागची बाग, परवान्याचा हक्क आणि वर लिहिलेल्या वस्तू मी माझी मुलगी बेथन हिला देतो. ती अकरा वर्षांत या घरात आलेली नाही. ती येऊ शकत नाही, कारण मी तिला बंदी केली आहे. ती येईल का, हे मला ठाऊक नाही, आणि या पत्रातलं बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. म्हणून हे कलम सविस्तर लिहितो.

आमच्याकडे नेहमीच्या माणसाचा स्वतःचा मग तुळईला टांगलेला असतो. तो माणूस गेला की दफनाच्या दिवशी त्याचा मग एकदा भरतात आणि त्याच्या जागेवर ठेवतात. त्याला कोणी हात लावायचा नाही. रात्री पब बंद व्हायची घंटा झाली की मालकाने तो उंबरठ्याबाहेर ओतायचा. हा रिवाज माझ्या आधीच्या मालकाचा आणि त्याच्याही आधीचा आहे.

माझा मुलगा ओवेन अठराव्या वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यात गेला. गिरणीच्या वळणावर बर्फ गोठलेलं होतं आणि त्याची मोटारसायकल सरळ गेली. अठरा पुरे झाल्याशिवाय आमच्याकडे काउंटरवर पेला मिळत नाही, माझ्या मुलालाही नाही. बापाने मुलाला पहिला पेला द्यायचा असतो. त्यासाठीच तो मग मी केला होता. त्याच्या दफनाच्या दिवशी तो पहिल्यांदा भरला.

सगळं गाव आत होतं. बेथन कबरस्तानातून आली, ओवेनच्या जागेसमोर उभी राहिली आणि तिने तो मग उचलून एका दमात रिकामा केला.

मी म्हणालो, “खाली ठेव तो.”

“संपला, बाबा.”

“तो त्याचा होता.”

“त्याच्या पहिल्या पेल्यातला पहिला घोट मी घेणार, नंतर तो. तसं ठरलं होतं आमचं. तू ते मातीत ओतणार होतास. मातीत आज पुरेसं गेलंय.”

मी काउंटरमागे होतो. तिथे उभा असलेला माणूस बाप नसतो, मालक असतो. मी म्हणालो, “बेथन गॉफ, या घरात तुला पेला नाही.”

पबच्या मालकाने सगळ्यांसमोर उच्चारलेली बंदी मालकालाही मागे घेता येत नाही. बंदी असलेल्याने उंबरठ्यावर उभं राहून आत येऊ का म्हणून विचारायचं असतं. तसं झालं तरच ती उठते. आयव्हरवर एकदा कुत्र्यावरून बंदी आली तेव्हा त्याने विचारलं होतं, आणि टोपी हातात धरून. बेथनने विचारलं नाही. ती त्याच संध्याकाळी बर्मिंगहॅमला गेली. जाताना तुळईचा एक आकडा उपटून घेऊन गेली, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

ती तिकडे एक पब चालवते, ‘ग्लासकटर्स आर्म्स’. चार वर्षांपूर्वी मी आगगाडीने गेलो होतो. पंपाचा सुटा भाग घ्यायचा होता, तो घेतला. शहरातला पब वेगळा असतो, पण तो चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो: भिंतीला छातीपर्यंत हिरव्या फरशा, नक्षी कोरलेली काच, पाय ठेवायला पितळी दांडी आणि ती घासलेली. रात्रपाळीहून आलेले लोक सकाळी अकराला चीज-कांद्याचा पाव खात बसले होते आणि त्यांना कोणी घाई करत नव्हतं.

“काय देऊ?” तिने विचारलं.

“गडद माइल्ड बिअर. एक पाइंट.”

तिने ग्लास तिरका धरला, शेवटी सरळ केला, फेस बोटभर. पंपाच्या नळ्या आदल्याच दिवशी धुतलेल्या होत्या, चवीवरून कळतं. बाजूचा एक म्हातारा म्हणाला, “पोरी, हा बाप्या मघापासून तुझ्याकडेच बघतोय गं.”

“बघू दे,” ती म्हणाली. “पैसे दिलेत त्याने.”

तिच्या काउंटरवरच्या तुळईला एकच आकडा होता. डावीकडे पीळ दिलेला. त्याला काही टांगलेलं नव्हतं. मी माझा पाइंट संपवला, ग्लास काउंटरवर नेऊन ठेवला, आणि गाडी पकडली. आम्ही याहून जास्त बोललो नाही.

कलम पाच. ओवेनचा मग बेथनला. तो कुठल्या आकड्याला टांगायचा, ते तिने ठरवावं. तिने हे घर चालवायचं नाही असं ठरवलं, तर तिने ते विकावं. माझी हरकत नाही. माझी हरकत असेल, पण ती लागू होणार नाही.

कलम सहा. मालकाची बंदी मालकाच्या श्वासाबरोबर संपते. हा जुना नियम आहे, मी नवा केलेला नाही.

कलम सात. माझ्या दफनाच्या दिवशी माझा मग भरावा. कडू बिअर, दुसऱ्या पंपाची. पहिला पंप हल्ली हवा धरतो. तो शेकोटीच्या उजवीकडे, बाकाच्या टोकाला ठेवावा. लोक येतील, टोप्या काढतील, आयव्हर काहीतरी बोलेल. त्या मगाला कोणी हात लावू नये, आणि घंटा झाली तरी तो ओतू नये. तो बेथनने प्यावा, सगळ्यांसमोर. तिला कोणी अडवू नये. ती त्या दिवशी आली नाही, तर तो मग तसाच राहू द्यावा, त्यावर बशी झाकावी, आणि ती येईल तेव्हा ताजा भरून द्यावा.

हे पत्र मी वाचून पाहिलं आहे आणि यात खाडाखोड नाही. दोन्ही साक्षीदारांनी माझ्या डोळ्यांदेखत, शेकोटीजवळच्या टेबलावर सह्या केल्या. दोघांनाही यातून काहीही मिळत नाही. आज दोघांनी आपापल्या पेल्याचे पैसे स्वतः दिले.

सही: क्लाइव्ह आर्थर गॉफ

साक्षीदार: प्रिसिला हेमर, ॲशबॅच चर्चच्या पाद्री
साक्षीदार: लेन बेब, नालबंद

ठिकाण: ‘लंगडी घोडी’, ॲशबॅच
दिनांक: ३ नोव्हेंबर २०१९

सहीखालच्या मजकुराला कायद्याने काही किंमत नाही, हे मी वाचलेलं आहे. म्हणून हे इथे लिहितो.

लोक म्हणतात, क्लाइव्हने केवढा मोठा देकार नाकारला. त्यांना कंपनीचा वाटतो. तो नाकारणं मला मुळीच जड गेलं नाही.

मागच्या हेमंतात, शनिवारी दुपारी, दार उघडलं आणि बेथन उंबरठ्याबाहेर उभी होती. आत पाऊल टाकलं नाही. कबरस्तानात घातला होता तोच कोट. मी पंपावरचा हात काढला आणि वाट पाहिली. तिने फक्त विचारायचं होतं. तिच्यासाठी पेला मी आधीच डाव्या हाताने उचलला होता, हे काउंटरआड असल्याने तिला दिसलं नसेल.

तिने मूठ उघडली. आत नाणी होती. “त्या दिवशीच्या पाइंटचे,” ती म्हणाली. “घे, बाबा, आणि मिटव.”

मी म्हणालो, “तो विकायचा नव्हता.”

ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, तळहात पुढे करून. मग तिने मूठ मिटली आणि ती गेली. दार तिने हळू लावून घेतलं.

मी नाकारलेला देकार तो. बिअरचा भाव त्यानंतर किती वेळा चढला, पण तिने अकरा वर्षांपूर्वीचाच भाव बरोबर लक्षात ठेवला होता. रक्कम: दोन पौंड चाळीस पेन्स.