वृक्षमित्रांचा कट्टा

सासूबाई, मी चौथी शिकलेली, तेव्हा चुका काढत बसू नका. आज मन इतकं खूश आहे की सकाळपासून तीनदा चहा झाला, आणि सांगावंसं वाटलं ते तुम्हालाच.

गिरगावातल्या आपल्या वाडीतला फणस अजून उभा आहे. तुम्ही त्याच्या मुळाशी तांदूळ धुतलेलं पाणी ओतायचात. तुमच्या लेकाने कपड्यांच्या दोरीसाठी खोडात खिळा धरला, तर हातोडी हिसकावून म्हणालात, "तुझ्या पाठीत ठोकू का रे?" मी नवी नवरी, हसू आवरेना, पदर तोंडात कोंबला. वाडी तुम्हाला कजाग म्हणायची. झाड राखणाऱ्या बाईला तेव्हा दुसरा शब्दच नव्हता.

आता ढिगाने झालेत. वृक्षमित्र, निसर्गप्रेमी, वारसारक्षक. वाडीच्या अध्यक्षांनी तिन्ही एकट्याने घेतलेत, शालीसकट. कर्तृत्व काय, तर फणसाभोवती सिमेंटचा कट्टा, वर गुळगुळीत लाद्या, आणि खोडात खिळे ठोकून पाटी: झाडे जगवा. सिमेंट खोडाला असं आवळलंय की पाण्याचा थेंब आत जात नाही. रविवारी जुनी घरं बघायला टोपीवाले येतात, ते त्या कट्ट्यावर बसून फोटो काढतात, किती छान जपलंय म्हणतात आणि एसी गाडीतून आपल्या टॉवरात जातात. यंदा एकही फणस धरला नाही, पानं पिवळी पडून गळतायत. अध्यक्षांना सांगितलं तर म्हणे, आजी, तज्ज्ञांना विचारून केलंय. कसले तज्ज्ञ, लादीवाला त्यांचा मेहुणा.

काल माझी नात ऑफिसला दांडी मारून पहार घेऊन उतरली. लाद्या फोडल्या, सिमेंट फोडलं, खोडाभोवती हातभर माती मोकळी केली. अध्यक्ष बनियनवरच धावत आले. वारशाची नासधूस आहे ही, पोलिसात देतो, म्हणाले.

"द्या ना काका," ती म्हणते, "आधी ते खिळे तेवढे काढा, माझा हात पुरत नाही."

सगळ्या गॅलऱ्या हसल्या. झाड जगेल की नाही ते पुढे कळेल, पण माती उघडी पडल्यावर मी गॅलरीतून तिला वर बोलावलं आणि बादलीभर पाणी तिच्या हाती खाली पाठवलं. अध्यक्षांनी वर माझ्याकडे बघितलं. "आजी, नात अगदी कजाग निघाली तुमची. कुणावर गेली?"

तिला वृक्षमित्र म्हणाले असते तर मी लाजेने आत गेले असते. पण हे ऐकून कठड्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्यावर."

हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून धीटपणे लिहिते. गेली ती तुमच्यावरच, पण तुमचं नाव मी घेतलं नाही. आणि उद्या कुणी विचारलं, तरी घेणार नाही.