मुराळ्याची स्पोर्ट कार

६ जुलै
चाकणहून सुट्टी टाकून गावी आलो. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं, घरी काम आहे. कोणतं ते सांगितलं नाही. पंचमीला बहिणीला, राणीला, सासरहून माहेरी आणायला यंदा मुराळी म्हणून मी जाणार, आणि स्वतः बनवलेल्या स्पोर्ट कारमधून जाणार. गेल्या साली दादा येष्टीनं गेले तर राणीची सासू सरजाबाई म्हणाली, भाऊ तिकडं गाड्या बनवितो म्हनं, मग बापाला येष्टीत कामून धाडलं? लय लागलं मला. मी बंपरच्या पट्ट्या वेल्डिंग करतो. म्हणजे गाड्याच की.

७ जुलै
व्हिडिओ पाहिला. स्पेसफ्रेम म्हणजे आधी नुसता पाइपांचा पिंजरा, पत्रा मागून. तो गोरा काय बोलत होता कळलं नाही, पण त्याचे हात कळले. नियम एकच. चौकोन दिसला की त्यात तिरपा पाइप मारायचा. चौकोन वाकतो, त्रिकोण वाकत नाही. सातवीत मास्तरनं एवढंच सांगितलं असतं तर मी शाळा सोडली नसती.
संकल्प: रोज पहाटे पाचला काम सुरू.

८ जुलै, सकाळी साडेनऊ
उठलो.

११ जुलै
गोठ्यात जागा केली, बैल बाहेर बांधले. दादा म्हणाले, बैल भिजायलेत अन् पाइप कोरडे हायत. इंजिनिअरिंग हा दादांचा विषय नाही.

१५ जुलै
खालचा सांगाडा झाला. गोपीचंदच्या भंगाराच्या दुकानातून जुन्या व्हॅनचं इंजिन आणलं. विचारलं, चालू आहे का? म्हणाला, चालू हाय, फकस्त चालत न्हाई. वर्गमित्र असून असं बोलतो.

१९ जुलै
इंजिन चाललं. गोठाभर धूर, बैल दावं तोडून पळाले. राणीचा फोन. म्हणाली, भाऊ, नक्की यायलास ना? सासूबाईंनी अख्ख्या गल्लीला सांगितलंय. म्हणालो, नागचौथीला सकाळीच तयार राहा.

२३ जुलै
कॉन्ट्रॅक्टरचे चार फोन. उचलले नाहीत. लक्ष विचलित होतं. गोपीचंद म्हणाला, पासिंगचं काय? म्हणालो, राणीच्या सासरी, पूर्णेपर्यंत, आतल्या रस्त्यानं जायचं. माझं सगळं ठरलेलं असतं.

२७ जुलै
आज शेवटचे तिरपे पाइप मारले. एक चौकोन सोडला नाही. गोपीचंदनं फ्रेमवर उड्या मारल्या, तसूभर हलली नाही. उद्या फक्त बसायचं आणि निघायचं.

२८ जुलै, नागचौथ, सकाळी सात
बसता येत नाही. दाराच्या चौकोनातही तिरपा मारलाय. पलीकडच्या दारातही. वरून उतरावं तर डोक्यावरही मारलाय. सीट बाहेरून चांगली दिसते. काळजी नाही, ग्राइंडरनं पाच मिनिटांचं काम.

साडेसात
लाइट गेली.

अकरा
वायरमन म्हणाला, डीपी जळलाय, सांजच्याला बघू. करवतीनं कापायला घेतलं. होतं नव्हतं ते एकच ब्लेड तुटलं.

दुपारी दोन
राणीचा फोन. चौथीचा उपास, भावासाठी धरतात तो. उपाशीपोटी पिशवी भरून वट्यावर बसलीय, शेजारी सरजाबाई. म्हणालो, निघालोच. हे खोटं नाही. मनानं मी सकाळीच निघालो होतो.

सायंकाळी
माय म्हणाली, बाबा, येष्टीनं तरी जा. जाणारच होतो. शेवटची येष्टी गेली होती.

२९ जुलै, पंचमी
पहाटे लाइट आली. ग्राइंडर लावला तर मायनं पिन उपटली. म्हणाली, आज मी भाजी चिरंना, तवा ठेवंना, अन् तू लोखंड कापायलास? आज काही कापलं की नागाला लागतं. म्हणालो, माय, हा पाइप आहे. म्हणाली, नागालाबी तसंच वाटत असंल.

दुपारी राणी एकटीच येष्टीनं आली. मुराळी नसताना लेक माहेरी येत नाही, म्हणून सासूला सांगितलं म्हणे, गाडी लय रुंद हाय, गल्लीत वळंना, भाऊ स्टँडवर थांबलाय. आल्या आल्या तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, बसायचं कुठून? मग जेवायला गेली.
तिनं रागवायला पाहिजे होतं. मी उत्तरं तयार ठेवली होती.

३१ जुलै, राणीच्या सासरी
काल दोन्ही दारं कापली. फ्रेम दोन्हीकडून वाकली. तो गोरा बरोबर बोलत होता.
राणीला सोडायला येष्टीनं आलो. सरजाबाईनं विचारलं, गाडी कुठंय? मी आणि राणी एकदमच म्हणालो, स्टँडवर.
सरजाबाई म्हणाली, मंग चला की बघायला. लुगडं बदलायला आत गेलीय. शेजारच्या दोघी चपला घालून दारात उभ्या आहेत. राणी माझ्याकडे बघत नाही.
स्टँड तसा लांब आहे. वाटेत काहीतरी सुचेल.