कलेक्टरचं लायसन्स

४ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.
पालिकेची नोटीस आली. परवा आपल्या कुत्र्यानं समोरच्या यमुताईंच्या पोटरीला दात लावले, त्याबद्दल. नोटिशीत 'कलेक्टर नावाचा श्वान' असं छापलंय. वाचून बरं वाटलं. जमीन मोजणी ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, पण घरातल्या कोणाच्या नावाशी कलेक्टर शब्द सरकारी कागदावर आला नव्हता.
मागणी: सात दिवसांत लायसन्स आणि रेबीजच्या इंजेक्शनचा दाखला दाखवा, नाहीतर कुत्रा उचलून नेऊ.
सौ. कामिनी घाबरली. म्हणे, लायसन्स काढलंच नव्हतं का जी? तिला समजावलं. लोकांचे कागद काढून देण्यात जन्म गेला, हा अर्ध्या तासाचा विषय आहे.
संकल्प: उद्या अकराला निघणे. बाराला लायसन्स. दीडला जेवण.

५ फेब्रुवारी, गुरुवार.
पालिकेचं झोन ऑफिस. तिथला ओळखीचा नत्थूजी भेटला असता तर काम झालंच होतं. नत्थूजी रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मला कोणी कळवलं नाही.
खिडकीवर सोनिका नावाची पोरगी. म्हणाली, काका, फॉर्म ऑनलाइन भरा, मोबाइलवर होते. मी म्हटलं, ज्या अर्जावर आवक नंबर पडत नाही तो अर्जच नव्हे. ती म्हणाली, बरं, इंजेक्शनचा दाखला तरी आणला का?
घरी येऊन दाखला शोधला. सापडला. चार वर्षांपूर्वीचा, पिल्लू असतानाचा, एकच. इंजेक्शन दरवर्षी द्यावं लागते हे डॉक्टरनं तेव्हा नुसतं तोंडी सांगितलं होतं. लेखी काही नाही.
जेवण साडेतीनला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार.
कलेक्टरला घेऊन जनावरांच्या डॉक्टरकडे निघालो. तो माझ्या एकट्याचंच ऐकतो, म्हणून कामिनीला सोबत घेतलं नाही. मानेवाडा चौकात त्यानं पट्ट्यातून मान काढली आणि पळाला. मी मागे. पानठेल्यावाल्यानं विचारलं, काका, नुसताच पट्टा, कोणाले फिरवून राहिले?
धापा टाकत घरी पोचलो तर हा आधीच येऊन अंगणात पाणी पिऊन राहिला होता. रस्ता किती पक्का ध्यानात ठेवतो.
दुपारी लेखी खुलासा. चार पानं, नऊ मुद्दे. मुद्दा एक: 'सदर महिलेने सदर श्वानाच्या हद्दीत पाय ठेवला.' कामिनीला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या कचरा टाकायले चालल्या होत्या जी, रोडवरून. हद्द म्हणजे काय हे मोजणीतल्या माणसालाच कळते.

७ फेब्रुवारी, शनिवार.
तडजोडीचा मार्ग. पाव किलो संत्रा बर्फी आणि खुलासा घेऊन यमुताईंकडे गेलो. एकट्याच राहतात. रिटायर्ड नर्स. पाय स्टुलावर, पट्टी बांधलेली.
खुलासा वाचायला घेतला. मुद्दा पाचपर्यंत ऐकला त्यांनी. मग म्हणाल्या, "प्रेमानंदभाऊ, तीस वर्षं वॉर्डात काढली मी. पिसाळलेलं कुत्रं चावलेला माणूस कसा जाते, ते डोळ्यानं पाहून आहे. मले कुत्र्याचा राग नाही. तुम्ही एकदा तरी विचारलं का, बाई, इंजेक्शन घ्यायले सोबत कोण येऊन राहिलं म्हणून?"
बर्फी परत दिली.
जरा भावनिक झाल्या. पण तडजोड ऐंशी टक्के झाल्यासारखी आहे. जेवण गेलं नाही. बर्फी परत आणावी लागली, ती एकट्यानं खाल्ली, म्हणून असेल.

८ फेब्रुवारी, रविवार.
जबरदस्त कल्पना. खाप्याला कामिनीचा भाऊ जितेंद्र राहतो. कुत्रा नागपूरच्या हद्दीतच नसेल तर नोटीस बजावणार कशावर? ओळखीच्या ऑटोतून नेला. कामिनीला सांगितलं, हवापालट.
जितेंद्रच्या वाडीत बांधला. निघताना भुंकला नाही, नुसता पाहत राहिला. मी मागे वळून पाहिलं नाही. दोनदाच पाहिलं.
आमची पोरगी दीक्षा नोकरीसाठी बंगलोरला गेली त्याच महिन्यात हा घरात आणला होता. तेव्हा कामिनीला कारण सांगितलं होतं, कॉलनीत चोर वाढले. आज फाटक उघडलं तर कोणी धावत आलं नाही. संध्याकाळी दोन पोळ्या उरल्या. त्या तशाच डब्यात आहेत.

९ फेब्रुवारी, सोमवार.
पालिकेचे इन्स्पेक्टर ओमप्रकाशजी दोन दिवस आधीच हजर. मी तयार होतो. लिहून दिलं: 'सदर श्वान या पत्त्यावर राहत नाही. ठावठिकाणा माहीत नाही.' सही, तारीख. यमुताई आपल्या फाटकात उभ्या राहून ऐकत होत्या.
इन्स्पेक्टर कागद हातात धरून म्हणाले, "काका, चावलेला कुत्रा दहा दिवस नजरेसमोर लागते. तो ठणठणीत राहिला, तर बाईच्या जिवाचा घोर जाते. ठावठिकाणाच नाही, तर पिसाळून गेला असंच समजा लागते."
यमुताईंनी फाटक धरलं. मग तिथंच खाली बसल्या.
हे मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.
कामिनी बाहेर आली. तेहतीस वर्षांच्या संसारात तिनं मला चारचौघांत खोटं पाडलं नव्हतं. म्हणाली, "खोटं लिहून राहिले हे. कुत्रा खाप्याले माझ्या भावाकडं आहे. उद्या आणते मी." इन्स्पेक्टरच्या हातून माझा कागद घेतला आणि फाडला. इन्स्पेक्टर म्हणाले, आणा, दहा दिवस होऊ द्या, मग इंजेक्शन द्या. मुदत मी पाहतो.
अक्षर चांगलं आलं होतं त्या कागदावर.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.
जितेंद्रचा फोन. कलेक्टर नाही. दोरी कुरतडून पहाटेच गेला. दोघांनी पहिली बस धरली. कामिनी दोन बाकं पुढं जाऊन बसली.

दुपारी २. खापा.
कन्हान नदीच्या काठाकाठानं फिरून राहिलो. "कलेक्टर! ए कलेक्टर!" बाजारात माणसं दुकानाबाहेर आली. एकानं विचारलं, कोणत्या गाडीतून येऊन राहिले गा साहेब? दुसऱ्यानं शर्टाची बटणं लावली. एरवी गंमत वाटली असती.

४.३०.
आवाज बसला. नदीच्या वळणावर काहीतरी बदामी पडलेलं दिसलं. कलेक्टरच्याच रंगाचं. जवळ जायची हिंमत झाली नाही. कामिनी गेली. पोतं होतं.
डोळ्यांत रेती गेली. पुष्कळ गेली. कामिनीनं पदर दिला पुसायला.
यमुताईंचा तीनदा फोन येऊन गेला. मी उचलला नाही. काय सांगू?

६.
सापडला! बस स्टँडवरच्या चहाच्या टपरीमागे टोस्ट खात बसला होता. मी हाक मारली. त्यानं पाहिलं आणि टोस्ट खाऊ लागला. कामिनी नुसतं "चाल रे बाबा" म्हणाली, तर शेपटी हलवत तिच्या पायाशी. माझा आवाज बसल्यामुळे ओळखला नसेल.

११ फेब्रुवारी, बुधवार.
सकाळीच कामिनी त्याला यमुताईंच्या फाटकाशी घेऊन गेली. यमुताई लंगडत आल्या, वाटीत पाणी आणलं, खाली ठेवलं आणि पाहत राहिल्या. तो लपलप करत सगळं प्याला. "पिते वं, कामिनी, पाणी पिते तो," म्हणाल्या आणि पदर तोंडावर धरून रडल्या.
मी माफी मागणारच होतो. तेवढ्यात कामिनीनं मागितली. एकाच प्रकरणात दोन माफ्या कशाला, म्हणून थांबलो.
थांबायला नको होतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.
काल दहा दिवस भरले. कुत्रा ठणठणीत. आज इंजेक्शन. यमुताई स्वतःहून सोबत आल्या. त्यांनी कलेक्टरची मान काखेत धरली, कामिनीनं पाय धरले. मिनिटाच्या आत काम झालं. मी शेपटी धरली होती. डॉक्टर म्हणाले, काका, तुम्ही बाहेर बसा.
तिथंच बाकावर बसून कामिनीनं मोबाइलवर फॉर्म भरला. ओटीपी तिच्या फोनवर येतो, म्हणून मालकाच्या रकान्यात तिचं नाव. मी म्हटलं, घरमालक मी आहे. ती म्हणाली, घराचा फॉर्म नाही जी हा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी १२.
प्रकरण बंद करायला इन्स्पेक्टर आले. कलेक्टरला पाहिलं, कामिनीचं लायसन्स पाहिलं. यमुताई चहाला इथंच होत्या, त्यांची तक्रार नाही असं लिहून घेतलं. अहवालात 'श्रीमती' शब्दाला ऱ्हस्व-दीर्घाची अडचण आली तेव्हा मी मदत करू गेलो. ते म्हणाले, राहू द्या काका.
मग साक्षीदार म्हणून सहीसाठी कागद माझ्यापुढे केला. सही करण्याआधी वाचणे ही जुनी सवय. वाचला.
'घरी जाऊन पाहणी केली. लायसन्सधारक श्रीमती कामिनी, एक श्वान (नर) व एक ज्येष्ठ इसम आढळून आले. श्वान व इसम दोघेही शांत आहेत. कोणापासूनही धोका नाही.'
खोडण्यासारखं काही नव्हतं. सही केली.