दार कुणी उघडलं

१२ डिसेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

नाताळातली ड्यूटी बदलून मिळाली नाही, हे कळलं. नर्स झालास तेव्हाच आई म्हणाली होती, याला रोग्यांनी सोडलं तर सुट्टी. बाबा बरे आहेत. जेवतात, फिरतात, माझ्या घरातल्या कुरकुरणाऱ्या सगळ्या दारांना त्यांनी तेल घालून गप्प केलंय.

काळजी वेगळीच आहे. रविवारी शेजारीणबाईंनी त्यांना सहज विचारलं, तुमची नि बाईंची ओळख कशी झाली? म्हटलं, गेला आता तास. पण बाबांनी दोन मिनिटांत उरकलं. नाताळचा दिवस, लिफ्ट अडकल्याचा फोन, कामावर हे एकटेच मेकॅनिक. आत शिवणकाम करणारी आई, मांडीवर गिऱ्हाइकाचा कोट. दार उघडेपर्यंत तिची चारही बटणं लावून झालेली. आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर होती, असं म्हणाले.

चाळीस वर्षं दर नाताळला ते मुद्दाम पाचवा म्हणायचे, आई स्वयंपाकघरातून तिसरा म्हणून ओरडायची, आणि खरी गोष्ट तिथून सुरू व्हायची. जूनमध्ये ती गेली. आता चूक सुधारणार कोण, म्हणून त्यांनी चूकच केली नाही. यंदा नाताळला गोष्ट नको, सगळ्यांना पाठ आहे, असंही म्हणाले. मला फार वाईट वाटलं. गोष्ट बंद झाली तर बाबांकडे आईचं बोलणं काढायला दुसरी वाटच नाही.

थंडीत मफलर वापर. लोभ आहे, तो तुझ्याकडूनही येऊ दे.

तुझी,
ताई


१७ डिसेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

वॉर्डातल्या टेबलावर लिहितोय, अक्षर सांभाळून घे. तू छापखान्यात दिवसभर लोकांच्या चुका काढतेस आणि घरातली एक चूक कमी झाली तर तुला वाईट वाटतं. ही गंमत हं. पत्र मात्र मी दोनदा वाचलं.

बाबांना आग्रह करू नकोस, उठून फिरायला जातील. सोबत वेगळा कागद जोडलाय. नाताळची जेवणं झाली की तो मोठ्यानं वाच. त्यात गोष्ट मी सांगितली आहे, आणि धडधडीत चुकीची. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर, कोटाऐवजी झगा, बटणं सहा, आणि दार बाबांनी नव्हे, इमारतीच्या पहारेकऱ्यानं उघडलं. शेवटचं लिहावं की नको असं झालं, पण लिहिलं. वाचताना मात्र हसू नकोस. तुला हसू लपवता येत नाही, हे जगजाहीर आहे.

भावजींना नमस्कार. लोभ असू दे, रागावलीस तरी.

तुझा,
धाकटा


२६ डिसेंबर

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

कागद वाचला. हसले नाही. दुसऱ्या मजल्याला बाबांनी चमचा खाली ठेवला. झग्याला नुसतं हं म्हणाले. पहारेकरी आला तसे ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, हा गाढव तेव्हा जन्मला तरी होता का? तुझ्या भावजींच्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि माझ्या धुतलेल्या टेबलक्लॉथवर नकाशा काढला. वर मोटर, हे दोर, इथे लिफ्ट, हा तिसरा मजला. पाऊण तास बोलत होते. आईची वाक्यं आईच्या ठसक्यात म्हणाले. इतका उशीर केलात, आता निदान सुईत दोरा तरी ओवून द्या, हेसुद्धा.

मग गोष्टीत लिफ्टच्या दारापाशी येऊन थांबले. मला वाटलं, पुढचं विसरले. पण म्हणाले की कुलूप त्या दिवशी पाच मिनिटांतच सुटलं होतं. आत ती बटणं लावता लावता गुणगुणत होती. दार उघडलं तर थांबेल, म्हणून हे अर्धा तास हातात पाना धरून बाहेर उभे राहिले, आणि मधूनमधून ठोकाठोकी करत राहिले. चाळीस वर्षांत हे तिला सांगितलं नाही. उशीर झाला म्हणून ती दर नाताळला बोलायची, आणि ते ऐकून घ्यायचे.

एवढं बोलून ते रडले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही कुणी जागचे उठलो नाही, रडू दिलं.

पुढच्या वर्षी रजा आत्तापासून माग. आम्हा सगळ्यांचा लोभ आहेच.

तुझी,
ताई