सुरू करण्यापूर्वी

२ मे, सकाळी

आजपासून वेळेचं नियोजन. नव्या वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका वीस तारखेला छापखान्यात जायची आहे. लिहिणार मी. ती गेली की साहेब रजेच्या अर्जावर सही करणार आणि एकवीसला मी, बायको आणि आमची चिमणी (वय वर्षं सात) आठवडाभर समुद्रावर. पुस्तिका चाळीस पानांची. म्हणजे पोरखेळ. एवढा वेळ हाताशी आहे म्हणूनच आधी नियोजन नीट व्हायला हवं. लगेच लिहायला बसणारे इथंच फसतात.

३ मे

कामांना रंग दिले. तातडीचं लाल, महत्त्वाचं हिरवं, बाकीचं निळं. दुपारपर्यंत कागदावर लालच लाल. हिरवं पेन नवंकोरं. घरी बायकोला दाखवलं तर म्हणाली, एवढ्यात एखादं काम उरकलं असतं. तिला पद्धत म्हणून नाहीच. नुसती कामं करत सुटते.

५ मे

ऑफिसला तासभर आधी जाणे सुरू. शांततेत दुप्पट काम होतं, असं व्हिडिओतला तज्ज्ञ सांगतो. (सहा भाग आहेत. दोन बघून झाले.) दाराला कुलूप. किल्लीवाला नेहमीच्याच वेळेला येतो म्हणे. तोवर वॉचमनच्या गुडघेदुखीची साद्यंत माहिती मिळाली. दोन्ही गुडघ्यांची. मग जागेवर बसल्या बसल्या डोळा लागला. झोप पुरी झाली नाही तर कसलं डोंबलाचं नियोजन! उद्यापासून जरा उशिराच.

९ मे

खुर्चीच्या पाठीला पाटी लावली. ‘एकाग्र काम चालू आहे. व्यत्यय नको.’ दिवसभर जो तो, ही कसली पाटी, म्हणून विचारायला येत होता. अकाउंट्सवाल्याला अशीच हवी होती. त्याला अक्षर निवडून दिलं, प्रिंट काढून दिली, चिकटवूनही दिली. ग्राहकांच्या तक्रारी बघणाऱ्या कोपऱ्यातल्या बाईंनी तेवढी मान वर केली नाही. पाच वाजले, पर्स उचलली, गेल्या. अशा माणसांना कामाची ओढच नसते.

११ मे

शुभारंभ! पहिलं प्रकरण, ‘सुरू करण्यापूर्वी’. शीर्षक टाइप केलं. ठळक केलं. छान दिसतंय. तेवढ्यात साहेबांची मीटिंग. विषय: मीटिंगांमध्ये फार वेळ जातो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालली. चष्मेवाला इंजिनिअर बाहेर पडताना म्हणाला, सगळ्यात जास्त तुम्हीच बोललात. कौतुकानंच म्हणाला असणार.

१३ मे

स्वयंपाकघरातला टायमर ऑफिसला नेला. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती. विश्रांती उत्तम जमली. कामाच्या वेळी मात्र त्याची टिकटिक ऐकण्यातच लक्ष. शेवटी वाजला तेव्हा अख्खा हॉल दचकला आणि शेजाऱ्याचा चहा त्याच्याच की-बोर्डवर. मी माझा की-बोर्ड त्याला दिला. माणुसकी म्हणून काही असते. मग दिवसभर लिहिणार कशावर? घरी आलो तर बायकोचा केक करपलेला. टायमर कुठाय, म्हणून मलाच विचारते.

१६ मे

साहेबांनी विचारलं, कुठवर आलंय? म्हटलं, पाया पक्का झालाय. म्हणाले, पाया राहू द्या, पानं दाखवा. पानं सध्या तीन. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि एक मुद्दाम कोरं ठेवलेलं. म्हटलं, उद्या एकदमच दाखवतो. वेळ मारून नेली. वेळेच्या बाबतीत हेही एक कौशल्यच आहे.

१८ मे

वैताग. फोन, ईमेल, सह्या, कुणाचा तरी वाढदिवस. एक माणूस मला काम करू देईल तर शपथ!

दुपारी सगळे गोदामात नवं मशीन बघायला गेले. हॉलमध्ये मी एकटा. कर्सर लुकलुकत होता. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. सगळे परत आले तेव्हाही आमचं तेच चाललं होतं. अति शांतता हासुद्धा एक व्यत्ययच, हे त्या तज्ज्ञाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

घरी चिमणीनं बॅग भरायला काढली आहे. विचारत होती, बाबा, तुझे कपडे खाली ठेवू की वर? म्हटलं, सगळ्यात वर.

२० मे, संध्याकाळी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर उलट बोलता आलं असतं. छापखान्याकडून चार दिवस मागून घेतलेत. पुस्तिका आता कोपऱ्यातल्या बाई आणि इंजिनिअर लिहिणार. त्यांना काही विचारायचं झालं तर मी जागेवर हवा, म्हणून रजा नामंजूर.

बायकोही भांडली नाही. माझे कपडे बॅगेतून काढून कपाटात ठेवले. म्हणाली, भावाला सोबत नेते, तिकीट फुकट कशाला घालवायचं. चिमणीला समजावायला गेलो तर म्हणते, मला माहीतच होतं, मैत्रिणीला मी आम्ही दोघीच जाणार असंच सांगितलंय.

रात्री जेवण गेलं नाही. या ऑफिसला नियोजनाची कदर नाही.

२४ मे

पुस्तिका छापखान्यात गेली. दोघांनी मिळून संपवली, रोज पाचला घरी जाऊन. मला एकदाही काही विचारलं नाही. मी आपला जागेवर तयार. घाईत केलेलं काम कसं असतं ते माहीत आहे, म्हणून मुद्दाम बारकाईनं वाचली. चूक सापडली नाही. उद्या पुन्हा बघेन.

२५ मे

आज काहीच काम नाही. टेबल मोकळं. फोन नाही, ईमेल नाही. असा दिवस मिळावा म्हणून लोक पैसे मोजून शिबिरांना जातात. सकाळी ड्रॉवर आवरला. मग पुन्हा आवरला.

दुपारी चिमणीचा फोन. मागे लाटांचा आवाज. बाबा, तुला वेळ आहे का? तोंडातून निघूनच गेलं, आत्ता कामात आहे बेटा, नंतर कर. बरं, म्हणाली आणि ठेवला.

मग ड्रॉवर तिसऱ्यांदा आवरला. संध्याकाळी घरून मीच फोन केला. मेहुण्यानं उचलला. म्हणाला, वाळूत खेळून दमली, आत्ताच झोपलीय. पुढचा दात पडला तिचा, तेच सांगायचं होतं. तुम्ही कामात होता ना, मग तिनं हॉटेलच्या मॅनेजरला सांगितलं. त्यानं हातातलं सोडून दात बघितला म्हणे.